आयल रॉयल बेटावर पहिल्यांदाच पाठीवर बिऱ्हाड घेऊन जायचंय, तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अमेरिकेत मिशिगनमधल्या ह्यूटनला शिकतो, ऑगस्टात तुम्ही बापलेक 5 दिवसांत एका टोकाच्या विंडिगोपासून दुसऱ्या टोकाच्या रॉक हार्बरपर्यंत अख्खं बेट चालून काढणार, राजहंसगड आणि कलानिधीगड झालेत पण पाठीवर सगळं घेऊन रानात कधी झोपला नाहीत, तर टेंट कुठला घ्यावा आणि 5 दिवस पुरतील काय. टेंटचं मागून बघू. दिवसांचं आधी सांगतो, कारण त्याच्यावरून आमच्या घरात 2013 पासून भांडण चालू आहे.

5 दिवस कागदावर पुरतात. ग्रीनस्टोन रिजची, म्हणजे बेटाच्या मधल्या डोंगरधारेवरची वाट 65 किलोमीटरच्या आसपास, भागिले पाच, रोजचे तेरा, एवढं काय अवघड. आम्हीपण असाच भागाकार केला होता. मी तेव्हा डेट्रॉईटकडे गाड्यांच्या कंपनीत कामाला होतो आणि माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, खानापूरचा, तो दोन महिन्यांसाठी आला होता. मीच म्हटलं चल की, सुपीरियर लेकमध्ये बेट आहे, 70 किलोमीटर लांब, त्यावर रस्ता नाही, गाडी नाही, सायकलसुद्धा चालत नाही, मूस नावाचं घोड्यापेक्षा मोठं हरीण आहे आणि लांडगे आहेत. दादा एका पायावर तयार. कणकुंबीच्या पावसात आणि भीमगडच्या रानात हिंडलेला माणूस, त्याला वाटलं ह्यात काय आहे.

त्याची पिशवी मी निघायच्या आदल्या रात्री वजन केली, 23 किलो. आत तीन लिटरचा कुकर, चार किलो तांदूळ, डाळ, तेलाची बाटली, मावशीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, जीनच्या दोन पँटी. दादाचं स्वतःचं वजन 68. मी म्हटलं कुकर काढ. तो म्हणाला, "भात नको काय तुला रात्री?" मी गप्प बसलो, थोरल्याला किती बोलायचं. ही माझी पहिली चूक आणि ती मी कबूल करतो. बुटाचं तर मी विचारलंसुद्धा नाही. त्यानं आदल्या शनिवारी नवीन कातडी बूट घेतले होते, घोट्याच्या वर येणारे, कडक, आणि बोटीत बसला तेव्हा पहिल्यांदा घातले.

मिशिगनच्या काठावरच्या कॉपर हार्बरहून बोटीनं तीन-साडेतीन तास. बेट म्हणजे नॅशनल पार्क, उतरल्यावर पार्कचे रेंजर सगळ्यांना उभं करून नियम सांगतात, मग पास. पहिला दिवस रॉक हार्बर ते डेझी फार्मचा कॅम्प, साडेअकरा किलोमीटर, पाण्याच्या कडेकडेनं. चढ फारसा नाही पण सगळी वाट दगड आणि मुळं, पाऊल कधी सपाट पडतच नाही. आपल्या गडावर पायऱ्या तरी असतात. दादा चार वाजताच गप्प झाला. मी विचारलं पाय कसा आहे, म्हणाला "काय झालंय पायाला."

दुसऱ्या दिवशी रिजवर चढलो आणि पाऊस आला. तिथं दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, जेमतेम पाऊलभर रुंद, ओल्या झाल्या की शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारख्या. त्यावर 23 किलो घेऊन नवीन बुटात माणूस चालतो तेव्हा टाच आत कशी घासते ते मला मागून दिसत होतं, दर पावलाला त्याचा खांदा डावीकडं पडायचा. ईस्ट चिकनबोन तळ्यापाशी पोचायला संध्याकाळ झाली.

तिथं आधी पाण्यावरून वाजलं. दादा तळ्याची बाटली भरून तोंडाला लावणार, मी हात धरला. "मलप्रभेचं पाणी ओंजळीनं प्यालोय मी," म्हणाला. असूद्या, पण ह्या बेटावरच्या पाण्यात लांडग्याच्या विष्ठेतून येणाऱ्या फीतकृमीची अंडी असू शकतात, ती पोटात गेली तर लिव्हरमध्ये, फुप्फुसात गाठी होतात आणि कळायला वर्षं लागतात. क्लोरीनच्या गोळ्यांनी ती मरत नाहीत, यूव्हीच्या दिव्यानंपण नाही. 0.4 मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक फिल्टर, नाहीतर चांगली खळखळ उकळी आणून मिनिटभर ठेवायचं. एवढंच चालतं. आम्ही गेलो तेव्हा लांडगे बोटावर मोजण्याइतके राहिले होते, 2018 पर्यंत तर दोनच उरले, मग 2018-19 मध्ये बाहेरून 19 आणून सोडले. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा आमच्या वेळेपेक्षा जास्तच असणार, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

मग त्यानं बूट काढले. मोजा ओढला तसं टाचेचं कातडं मोज्यालाच चिकटून आलं. खाली लालभडक, जुन्या रुपयाएवढं, त्याच्या कडेला अजून एक पाण्यानं टम्म फुगलेला फोड. दुसऱ्या पायाला तसंच, जरा लहान. मी टॉर्च धरून बघत होतो आणि तो चटणीचा डबा उघडत होता, जसं काही झालंच नाही. मी तिथंच ठरवलं, उद्या मागं.

दादा ऐकेना. पुढं अजून 45 किलोमीटरच्या वर होते, विंडिगोहून आम्हाला रॉक हार्बरला परत आणणारी बोट ठरलेल्या दिवशीच येते, ती चुकली की पुढच्या खेपेपर्यंत बसा, आणि खाणं मोजून आणलेलं. फोनला रेंज नाही. मध्ये कुठं पाय पूर्णच गेला तर कुणाला तरी चालत जाऊन निरोप द्यायला लागणार. मी हे सगळं सांगितलं, तो म्हणाला "तू घाबरलास, माझं नाव सांगू नकोस." त्या रात्री आम्ही बोललो नाही. सकाळी धुकं होतं, तळ्यात पोटापर्यंत पाण्यात एक मूस मादी उभी, डोकं पूर्ण आत घालायची आणि वर काढलं की तोंडातून हिरव्या वेलींची जुडगी लोंबायची, पाणी गळायचं त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. काठावर पिल्लू. दादा अर्धा तास बघत बसला, मग न बोलता पिशवी उचलली आणि मागच्या वाटेला लागला. कुकर मी माझ्या पिशवीत घेतला.

डेझी फार्मला दोन रात्री नुसतं बसलो. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला दादा सांगतो की "ह्याच्यामुळं अर्ध्यावरनं फिरलो, मी चाललो असतो." नसता चालला. ती टाच मी बघितली आहे, पाहुण्यांनी नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, 7 दिवस धरा, त्यातला एक पूर्ण रिकामा. जमत नसेल तर अख्खं बेट सोडा, रॉक हार्बरच्या बाजूलाच डेझी फार्म, मॅककार्गो कोव्ह, लेन कोव्ह असं 4-5 दिवसांचं करा, बेट तितकंच दिसतं. आणि मुलगा "बाबा, थांबूया" म्हणाला तर थांबा. तो तिथं दोन हिवाळे काढलेला असेल, तुम्ही बाप असाल, पण वाटेवर ज्याचं डोकं शांत आहे त्याचं ऐकायचं. तो मनात आलेलं गिळून गप्प बसला तर माझ्यासारखं होतं. निघायच्या आधीच एकमेकांना सांगून ठेवा की दोघांतला एक कुणी मागं म्हणाला की मागं, वाद नाही.

बूट आत्ताच घ्या. रोज घालून खडेबाजारात भाजीला जा, स्टँडवर जा, ओले करून चाला, वाळवून चाला. रविवारी पिशवीत 14-15 किलो तांदूळ भरून येळ्ळूरकडून राजहंसगड, वर जाऊन लगेच खाली, परत वर. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीकडं भर पावसात एक दिवस चाला, रेनकोटातून पाणी कुठून आत येतं ते तिथंच कळू दे. पिशवी अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा, कुठल्याही परिस्थितीत चौथ्या हिश्श्यावर नको. खाण्याला भाजलेला रवा, पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाणे-गूळ, भडंग. तांदूळ-डाळ नको, शिजायला गॅस खातात. बऱ्याच कॅम्पवर शेकोटीला परवानगी नाही तेव्हा छोटा स्टोव्ह लागतोच. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, मग ते बेळगावहून निघणारं असो नाहीतर बेटावर जाणारं सी-प्लेन, तो ह्यूटनला घ्या. तिथूनच पार्कची स्वतःची रेंजर थ्री बोट सुटते, सहा तासांच्या आसपास लागतात, ठरलेल्या दिवशीच असते, मुलाला सीट आधीच धरायला सांगा.

टेंट कुठलाही दोन किलोच्या आतबाहेरचा, पावसात गळत नाही एवढं घरच्या गच्चीवर पाणी मारून बघा. बऱ्याच कॅम्पवर तीन बाजूंनी लाकूड आणि पुढं जाळी अशी शेल्टरं आहेत, पण पहिला येईल त्याची, तेव्हा टेंट लागणारच. अस्वल ह्या बेटावर नाही, कोल्हे मात्र बाहेर ठेवलेला बूटसुद्धा पळवतात. अन्न कसं ठेवायचं त्याचे नियम जायच्या आधी पार्कच्या साईटवर वाचा, माझं सगळं 2013 चं आहे. आता सॅटेलाईटवरून निरोप जाणारं छोटं यंत्र मिळतं, ते भाड्यानं का होईना घ्याच, आमच्याकडं असतं तर मी कदाचित एक दिवस वाट बघून पाय कसा आहे ते ठरवलं असतं. हे दादालापण सांगितलंय. पण त्या रात्री ते नव्हतं, आणि टाच तीच होती.