एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणून ग्राफ्टिंग लांबवत असतील तर

ताई, तुमचे यजमान 30 टक्के भाजलेत, भरतीच्या वेळी एचआयव्ही निघाला, आणि तेव्हापासून ग्राफ्टिंग, म्हणजे जखमेवर कातडी लावायचं ऑपरेशन, 'पुढच्या आठवड्यात' चाललंय, हे वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं. सातपूरला घरात गॅसचा भडका उडाला होता, छाती आणि उजवा हात भाजला.

रोज विचारायचो, रोज तोंडी उत्तर. 'ओटी (ऑपरेशन थिएटर) मोकळी नाही.' 'सीडी-फोर (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) कमी आहे.' मी मान हलवून परत यायचो. एकदाही म्हटलं नाही की हे कागदावर लिहून द्या. सगळ्यात महागात पडलेली चूक ती. बोभाटा होईल, गल्लीत कळेल, याची भीती होती. आणि बोभाटा तर त्यांनीच केला! खाटेला लाल अक्षरांचा कागद लावला, शेजारच्या पेशंटची माणसं पाण्याची बाटलीसुद्धा आमच्या हातून घेईनात. तीन आठवडे गेले. जखम आकसली, भावाचं कोपर अजून सरळ होत नाही.

मी डॉक्टर नाही. पण मोठं भाजल्यावर एचआयव्ही नसलेल्या माणसाचाही सीडी-फोर काही काळ खाली येतो, हे मला फार उशिरा कळलं. त्या एका आकड्यावर थांबवत असतील तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं मत घ्याच. जखमेत जंतू असणं, रक्त कमी असणं ही खरी कारणं असू शकतात. पण मग ती लिहून द्यायला हरकत कसली? एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात मना आहे, तो सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. 20 किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव विचारा, अर्ज द्या, पोच घ्या. 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन फुकट आहे.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, डिस्चार्जपर्यंत लांबवू नका. सिव्हिलच्या एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात, वॉर्डच्या डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला लावा. अजून एक. जखम भरायला झिंक, लोह, कॅल्शियम देतात. एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असेल तर ती गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यायची असते, नाहीतर अंगाला नीट लागत नाही. आमच्या वॉर्डात सगळं एकाच वाटीत यायचं. नर्सताईंना वेळा लिहून द्या.