नाशिक ते नागपूर विमानाने किती अंतर, किती वेळ?

नाशिकचं ओझर विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ, सरळ रेषेत अंदाजे 545 किलोमीटर. तुम्ही विचारलंय की एवढ्याशा अंतराला तिकिटावर पावणेदोन तास का दाखवतात, मुंबई-दिल्लीला तर दोन-सव्वादोनच लागतात. मूळचा नागपूरचा, नोकरी नाशकात, म्हणून सांगतो.

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि तिकडे जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट बघणं, उतरताना घातलेला वळसा, सगळं त्यात धरलेलं असतं. दुसरं म्हणजे या मार्गावर बहुतेक पंख्यांचं छोटं एटीआर विमान असतं. ते ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. मोठी जेट विमानं आठशेच्या वर. म्हणजे एटीआरला चढणं-उतरणं धरून हवेतच सव्वा तास गेला. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना थोडं लवकर पोचतो आणि येताना जरा रखडतो.

पण घरून निघताना हा आकडा फारसा कामाचा नाही. ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर. नाशिकच्या सिडकोतून निघालात तर द्वारका चौकातल्या गर्दीसह पाऊण तास धरा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे थोडा वेळ हाताशी ठेवून उड्डाणाच्या अडीच तास आधी घर सोडायचं. नागपूरचं विमानतळ मात्र शहरातच म्हणावं असं, सामान हातात आलं की सीताबर्डी लांब नाही. दारापासून दारापर्यंत एकूण पाच तास.

समृद्धी महामार्गाने गाडी नेली तर सिन्नरजवळ गोंद्याला चढायचं, एकूण सहाशेच्या आसपास किलोमीटर. जेवण-चहा धरून आठ तास. चौघं असाल तर हेच परवडतं. रेल्वेने मनमाड-भुसावळ-अकोला करत साधारण 650 किलोमीटर. रात्रीच्या गाडीत झोप लागत असेल तर माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी सोय, दिवस मोडत नाही. एकट्याने जाऊन त्याच दिवशी काम उरकायचं असेल तरच विमान.

थेट विमान आहे का ते आधी बघा, इथलं वेळापत्रक बदलत असतं. नसलं तर साइट तुम्हाला हैदराबाद नाहीतर दिल्ली फिरवून आणेल. त्यापेक्षा सरळ नाशिकरोड स्टेशन गाठा.

एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची मोठी बॅग शिडीपाशीच काढून घेतात, औषधं आणि चार्जर आधीच खिशात ठेवा. चढायचं मागच्या दाराने, त्यामुळे मागच्या रांगेतले आधी उतरतात. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना आहे, धावपट्टी त्यांचीच; तिथे फोटो काढायला मनाई असते, उगाच मोबाइल बाहेर काढू नका. एटीआरचा पंख खिडकीच्या वर असतो, कुठल्याही सीटवरून खालचं नीट दिसतं. तरी नागपूरला जाताना डावी खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर निघाल्या निघाल्या सातमाळ्याची डोंगररांग आणि धोडप किल्ला दिसतो.