नोकरीचा व्हिसा नाकारला : रिव्ह्यू मागायचा की नव्यानं अर्ज करायचा?

प्रश्न : मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयानं स्पॉन्सर करूनही माझा हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा नाकारला. पत्रात दोन कारणं आहेत : टीबीचं सर्टिफिकेट नाही आणि सौदीचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला नाही. टीबीचं मी अपलोड केलं होतं. सौदीत दोन वर्षं नोकरी केली, पण तिथलं पीसीसी काढलं नव्हतं. अपील करता येईल का?

उत्तर : या व्हिसाला अपील नसतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू असतो. निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत ८० पौंड भरून तो ऑनलाइन मागायचा. सुनावणी होत नाही. दुसरा अधिकारी तीच फाइल पुन्हा वाचतो आणि पहिल्याची चूक झाली का, एवढंच पाहतो. राहून गेलेला कागद आता जोडला तरी सहसा विचारात घेत नाहीत.

टीबीच्या बाबतीत चूक अधिकाऱ्याची आहे, तिथे तुमची बाजू पक्की. पीसीसीचं तसं नाही. गेल्या १० वर्षांत ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहणं झालं, त्या प्रत्येक देशाचं पीसीसी या नोकरीसाठी लागतं. म्हणजे टीबीचं कारण खोडलं गेलं तरी नकार कायम राहील. तुम्ही रिव्ह्यूत वेळ घालवू नका, नवा अर्ज करा. दोन्ही एकदम करायला जाऊ नका; नवा अर्ज भरला की रिव्ह्यू आपोआप रद्द होतो.

आता क्रम सांभाळा. आधी सौदीचं पीसीसी. प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर कुठे, कधी अर्ज केला, काय उत्तर आलं याचे पुरावे लावून अर्जातच खुलासा लिहा. टीबीचं सर्टिफिकेट ६ महिनेच चालतं, तारीख बघा. हे हातात आल्यावरच रुग्णालयाच्या एचआरकडे नवा सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट मागा. जुना नाकारलेल्या अर्जात खर्ची पडला, आणि नवा दिल्यापासून ३ महिन्यांत वापरावा लागतो. घाईनं मागितला तर पीसीसीची वाट बघण्यातच त्याची मुदत सरते.

सीओएसवर रुग्णालयानं तुमच्या सुरुवातीच्या खर्चाची हमी दिली आहे का, तेही विचारा. नसेल, तर खात्यात सलग २८ दिवस किमान १,२७० पौंडांइतकी रक्कम हवी. एक दिवस जरी त्याखाली गेली, तरी तेवढ्यावरून अर्ज नाकारला जातो.

प्रश्न : मुलाचा स्किल्ड वर्कर व्हिसा ‘नोकरी खरी वाटत नाही’ म्हणून नाकारला. एजंट रिव्ह्यू आणि नव्या सीओएससाठी तीन लाख मागतोय. द्यावेत का? (विटा)

उत्तर : देऊ नका. रिव्ह्यूची सरकारी फी वर दिली आहे. सीओएसची फी मालकानं भरायची असते, ती कामगाराकडून घेण्याला ब्रिटनमध्ये बंदी आहे. आपल्याकडे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.

मुलानं कंपनीला थेट विचारावं : स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार घ्यायचा परवाना चालू आहे का, ब्रिटनच्या गृहखात्यानं या जागेबद्दल काही विचारलं होतं का, काय कळवलं? लायसन्सधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर खुली आहे. कंपनी गुळमुळीत बोलत असेल, तर तिथेच थांबा. उत्तरं स्पष्ट असतील आणि कामाचं स्वरूप, पगार, करारपत्र मूळ अर्जात असूनही अधिकाऱ्यानं पाहिलं नसेल, तर रिव्ह्यू जरूर मागा. कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर काय आहे ते लिहा. निर्णयाचा ईमेल एजंटच्या पत्त्यावर गेला असेल, तर मुदत त्या ईमेलच्या तारखेपासून धरा. मुलं इथेच फसतात, पत्र हाती येईपर्यंत पंधरवडा उलटलेला असतो.

रिव्ह्यूही फेटाळला, तर ब्रिटनच्या अपर ट्रिब्युनलमध्ये ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून होता का हे न्यायाधीशाकडून तपासून घेण्याचा मार्ग उरतो. तिथे शक्य तितक्या लवकर, फार तर ३ महिन्यांत जावं लागतं. वकिलाचा खर्च मोठा, आणि हरल्यास समोरच्याचाही अंगावर येऊ शकतो.

प्रश्न : पुढच्या अर्जात आधीचा नकार सांगितला नाही तर चालेल का? (सांगली)

उत्तर : नाही. गृहखात्याकडे नोंद असतेच. नुसत्या नकारामुळे पुढचा व्हिसा अडत नाही. पण तो लपवणं फसवणूक ठरलं, तर १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात.