ऑर्डर आली की स्क्रिप्ट चालावी : दर ५ मिनिटांची फेरी सोडा

भाऊ, तुमचा घोळ थोडक्यात असा: धरमपेठेतल्या डब्यांच्या ऑर्डरी गूगल फॉर्मवर येतात, शीटला जोडलेली अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलमधला छोटा प्रोग्राम, दर ५ मिनिटांनी शीट चाळते आणि नवी ओळ दिसली की स्वयंपाकघराला नि गिऱ्हाइकाला मेल धाडते. रोज दीडेक तास ती गप्प बसते. ऑनएडिट, म्हणजे शीट बदलली की आपोआप चालणारं फंक्शन, लावून पाहिलं, तर हूं की चूं नाही.

गप्प काहून बसते ते आधी. दर ५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला २८८ फेऱ्या. तुमच्या लॉगमध्ये एका फेरीला २० सेकंद दिसतात, म्हणजे झाली ९६ मिनिटं. साध्या जीमेल खात्याच्या सगळ्या ट्रिगरना (स्क्रिप्ट आपोआप सुरू करणाऱ्या घंट्यांना) मिळून दिवसाला ९० मिनिटंच मिळतात. कोणी आलं का बघायला दिवसभर फाटक उघडून राहिले तुम्ही. घंटी लावा न बाप्पा!

ऑनएडिट ही घंटी भलत्याच दाराची. माणसानं हातानं सेल बदलला तरच ती वाजते, फॉर्ममधून आलेल्या ओळीला नाही. शिवाय साध्या ऑनएडिटला परवानगी लागणाऱ्या सेवा वापरता येत नाहीत, म्हणजे मेलही गेला नसता. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये घड्याळाच्या चित्रावर जा, नवा ट्रिगर जोडा, प्रकार ‘ऑन फॉर्म सबमिट’. ज्या खात्यातून जोडाल त्याच खात्याच्या नावानं तो चालतो, तेव्हा कामावरच्या पोराचं खातं नको.

खरी मेख पुढं आहे. कळमन्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे मी हेच बसवलं होतं आणि घंटी वाजली की शीटची शेवटची ओळ वाचायचो. आंबिया बहराच्या गर्दीत दोन ऑर्डरी एकदम आल्या. दोन्ही वेळा शेवटची ओळ एकच! एकाचा माल दुप्पट भरला गेला, दुसरा गाडी घेऊन ताटकळत राहिला. मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ट्रिगर स्वतःसोबत त्या ओळीची माहिती आणतो. तीच वाचा, शेवटची ओळ शोधू नका. शीटमध्ये ‘पाठवलं’ असा एक रकाना ठेवा. लॉकसर्व्हिस म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी अ‍ॅप्स स्क्रिप्टची सोय; तिनं कुलूप लावून आधी तो रकाना बघा, मग मेल, मग खूण. मेल गेल्यावर पण खूण होण्याआधी स्क्रिप्ट पडली तर मेल दोनदा जाईल. डब्याच्या धंद्यात तेवढं चालतं, एकही न जाणं चालत नाही.

जुनी फेरी पूर्ण काढू नका. रात्री एकदाच चालवा, खूण नसलेल्या ओळी तिला सापडतील.

ऑनलाइन पैसे घेणार असाल तर ते मात्र या स्क्रिप्टवर नको. रेझरपे ही पैसे गोळा करणारी सेवा; तिचा वेबहुक, म्हणजे पैसे आले की आपोआप येणारा निरोप, दुसऱ्यांदाही येऊ शकतो, आणि निरोप खरा की बनावट हे ठरवणारी सही हेडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या पाकिटावरच्या मजकुरात असते. बाहेरून आलेला निरोप घेणाऱ्या अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या डूपोस्ट फंक्शनला हेडर दिसतच नाहीत. त्यासाठी वेगळा छोटा सर्व्हर घ्या.

आणि हो, साध्या खात्यातून स्क्रिप्टनं दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. तुमच्या एका ऑर्डरीला दोन मेल, म्हणजे ५० डब्यांनंतर शटर डाऊन. स्वयंपाकघराला मेल कशाला, तिथं शीटच उघडी ठेवा.