सायनसमधली सिस्ट: एफडी मोडायची की पर्सनल लोन?

तुम्ही विचारलंय की सीटी स्कॅनमध्ये उजव्या गालामागच्या सायनसमध्ये सिस्ट (द्रव भरलेली पिशवीसारखी गाठ) निघाली, हॉस्पिटलने दुर्बिणीच्या ऑपरेशनचं १,१०,००० चं एस्टिमेट दिलंय, मेडिक्लेम घेऊन १४ महिनेच झालेत म्हणून क्लेम बसत नाही, तर दीड लाखाची एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ.

दोन्ही नको, निदान आत्ता लगेच तरी नको. पॉलिसीचे कागद काढा, बहुतेक पॉलिसीत सायनसच्या ऑपरेशनला २४ महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढे महिने त्याचा क्लेम मिळत नाही, तुमच्यातही तेवढाच असेल तर उरले १० महिने. मी डॉक्टर नाही, पण अशा सिस्ट पुष्कळदा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये दिसतात आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, त्यामुळे दुसऱ्या ईएनटीला (कान-नाक-घशाच्या डॉक्टरला) फाइल दाखवून सरळ विचारा, १० महिने थांबलं तर चालेल का? तो थांबू नका म्हणाला, किंवा गाल सुजतोय, एकाच नाकपुडीतून रक्त येतंय, नजरेत फरक पडलाय असं काही असेल तर पैशाचा विचार बाजूला ठेवा आणि करून टाका.

वरच्या दाढेच्या मुळाशी काही आहे का तेही बघून घ्या, कारण सिस्ट दातामुळे असेल तर उपचार डेंटिस्टकडे आणि दातांचा खर्च मेडिक्लेम सहसा देतच नाही, मग थांबून काय उपयोग!

बायको नोकरी करते म्हणालात ना, तिच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत तुमचं नाव आहे का? तिथे वेटिंग पीरियड बऱ्याचदा माफ असतो, एचआरला एक मेल टाका, कदाचित सगळा प्रश्न तिथेच मिटेल.

आणि केसपेपर! आपण सहज बोलून जातो "लहानपणापासून सर्दीचा त्रास आहे", डॉक्टर तसंच लिहितात आणि क्लेमच्या वेळी आजार पॉलिसीच्या आधीचाच आहे म्हणून कंपनी तीच ओळ पुढे करते. खोटं सांगू नका, पण हा त्रास नेमका कधीपासून तेवढंच नीट सांगा. पॉलिसी घेण्याआधी यासाठी डॉक्टरकडे गेला असाल आणि फॉर्ममध्ये लिहिलं नसेल तर मात्र माझं १० महिन्यांचं गणित विसरा.

लगेच करायचंच ठरलं तर एफडीवर लोन घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण १-२ टक्केच जास्त पडतं. १,१०,००० चं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षं धरलं तर हप्ता ५,२८० च्या आसपास आणि नुसतं व्याजच १६,७०० जातं, प्रोसेसिंग फी वेगळीच.