आधी लग्न की आधी पीएच.डी.?

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची आहे, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला पीएच.डी. करायची आहे. तीन वर्षं पीएच.डी., दोन वर्षं पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन), म्हणजे २९व्या वर्षी नोकरी, असा हिशेब आम्ही मांडला. तिचे वडील म्हणतात, आधी लग्न, मग हवं तेवढं शिक. ती म्हणते, थिसिस होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नका. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात वय आहे, वर्षं आहेत, लग्न आहे. मुलीला नेमकं कशावर संशोधन करायचंय, याची मात्र एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. घरात रोज तारखांवरूनच वाद होत असतील, तर ती तुमच्याशी विषयाबद्दल बोलणार कधी? अशा ताणात पीएच.डी.ची खरी ओढ आहे की लग्न लांबवायची ती एक सबब आहे, हे तिचं तिलाही कळेनासं होतं. सबब असेल तर दुसऱ्या वर्षीच जीव मेटाकुटीला येतो. म्हणून महिनाभर लग्नाचा विषय बंद ठेवा आणि तिला काय शोधायचंय ते ऐका. सगळं समजलं नाही तरी चालेल.

आता तुमचा हिशेब. तीन वर्षं ही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांतली किमान मुदत आहे, कोर्सवर्क म्हणजे सुरुवातीचे अभ्यासक्रम धरून. कमाल मुदत सहा वर्षांची, आणि पुनर्नोंदणी केली तर त्यापुढे आणखी दोन. प्रयोगशाळेतल्या विषयांत पाच वर्षं सहज जातात. वर्षभर ज्या अभिक्रियेमागे लागलो ती जमतच नाही, उपकरण बंद पडतं, छापायला पाठवलेला शोधनिबंध परत येतो. यात मुलगी मागे पडली असं काही नसतं, संशोधन असंच चालतं. थिसिस दिल्यावरही तपासणी आणि तोंडी परीक्षा असते. ते सगळं सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप मात्र पाचच वर्षं : पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ संशोधकाचे ४२ हजार. फेलोशिप संपली आणि थिसिस अजून बाकी, हा काळ सर्वांत अवघड जातो. त्यासाठी पहिल्या वर्षापासून थोडे पैसे बाजूला टाकायला सांगा.

वडिलांचं 'आधी लग्न, मग शिक' मला मान्य नाही. ते 'मग' ज्यांच्या हाती जाणार, त्यांच्याशी तुमची अजून ओळखही झालेली नाही. मुलीचंही चुकतंय. जी तारीख गाईडच्याही हातात नाही, तिच्यावर सगळं आयुष्य टांगून ठेवायचं नसतं. ही वर्षं तिच्या आयुष्यातलीच आहेत. मनाजोगता जोडीदार तिसऱ्या वर्षी भेटला तर तिसऱ्या वर्षी लग्न करावं. नाही भेटला तर थिसिस झाली म्हणून घाई करू नये. स्त्री संशोधकांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

नेट, गेट या पात्रता परीक्षा आणि संस्थांच्या मुलाखती यांची तयारी ती करेलच. खरी निवड गाईडची. प्रवेश घेण्याआधी तिने त्या प्रयोगशाळेत जावं आणि गाईड समोर नसताना तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं : मागच्या चार-पाच जणांना किती वर्षं लागली, मध्येच कोण सोडून गेलं आणि का, शेवटच्या वर्षी पैशांची सोय काय होती, कुणाचं लग्न झालं किंवा मूल झालं तेव्हा गाईड कसे वागले. विद्यार्थी उत्तरं देताना चाचरले, तर गाईडचं नाव कितीही मोठं असो, दुसरी प्रयोगशाळा बघा.