पाय मुरगळला, चोळावा का?

प्रश्न : पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यावरून उतरताना आईचा पाय मुरगळला. घोटा सुजलाय. शेजारच्या काकू चोळून देतो म्हणतात. चालेल का?

उत्तर : नाही, चोळू नका. आतले अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे चिवट पट्टे) ताणलेले किंवा फाटलेले असतात. पहिले 48 तास चोळल्या-शेकल्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटे ठेवा, दर दोन-तीन तासांनी. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला दुपट्टा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर घोट्याकडे गुंडाळा; बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. निजताना पायाखाली दोन उशा. घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल किंवा चार पावलेही टाकवत नसतील, तर एक्स-रे हवाच. मग मात्र उद्यावर ढकलू नका.